नानांचं सुतक

दरवर्षी श्रावणात, कानबाईच्या आधी, मला माहेरी न्यायला भाऊ यायचा. त्या वर्षी चुलतभाऊ आला. यावलजवळच्या आमच्या सासरच्या ओट्यावर बसून त्याने आधी गूळपाणी घेतलं, सासऱ्यांना पीकपाण्याचं विचारलं, आणि मग सांगितलं की बुधवारी संध्याकाळी माझ्या भावाने नानांना शेताच्या वाटेवर कुऱ्हाडीने मारलं. पोलीस त्याला धरून घेऊन गेले होते. मी दाराआड उभी होते. हातात केळीची पानं होती, दुपारच्या पंगतीसाठी पुसायला घेतलेली. मी ती पुसतच राहिले.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. तालुक्यात त्यांना पुढारी म्हणत. कायदेभंगाच्या चळवळीत ते धुळ्याच्या तुरुंगात जाऊन आले तेव्हा आमच्या साऱ्या भाऊबंदकीने त्यांना वेशीपासून वाजतगाजत घरी आणलं होतं. गोऱ्या साहेबाला न भिणारा माणूस आपल्या आडनावाचा आहे याची काय मिजास होती तेव्हा आमच्या लोकांना! पण नाना तेवढ्यावर थांबले नाहीत. गावच्या मोठ्या विहिरीवर महारवाड्यातल्या बायकांनी पाणी भरावं म्हणून ते स्वतः रहाटापाशी उभे राहिले. पहिली घागर त्यांनी ओढून दिली, आणि सगळ्यांसमोर त्यातल्याच एकीच्या हातून ओंजळीने पाणी प्याले. त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांचं नाव घेणं बंद झालं. 'तो' म्हटलं की नाना समजायचं.

मला अक्षरओळख झाली तीसुद्धा नानांमुळे. मुलींना शाळेत बसवा म्हणून ते घरोघर जाऊन लोकांचं डोकं खायचे. माझ्या वडिलांनी कटकट नको म्हणून मला पाठवलं. आज मी हे लिहिते आहे ते त्या कटकटीमुळे.

आमच्याकडे माणूस भाऊबंदकीत आहे की नाही हे कानबाईचे रोट ठरवतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची देवी, कानबाई, बसते. त्याच्या आधी भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने, पाळण्यातल्या पोरासकट, टोपलीत गव्हाची एकेक मूठ टाकतात. नाव मोठ्याने घ्यायचं आणि मूठ सोडायची. तेच गहू दळून रोट करायचे आणि ते भाऊबंदकीनेच खायचे. बाहेरच्याला त्यातला कणही द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. लग्नानंतर मी रोटांचा नुसता वास घेतलाय. विहिरीचं प्रकरण झालं त्या श्रावणात आबांनी नानांची मूठ घेतली नाही, त्यांच्या लहान मुलाचीही नाही. आबा आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे, आणि नाना त्यांचे काही लांबचे नव्हेत, सख्खे पुतणे. नाना हसून घरी गेले म्हणतात. त्यांची बायको, माझी काकी, हसली नाही.

हे सगळं माझ्या सासरच्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या दिवशी दाराआड उभी असताना मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. खुन्याची बहीण म्हणून जन्मभर ऐकून घ्यावं लागणार. मी मनाची तयारीही करून टाकली. सासूबाई आत आल्या. त्यांनी पेटी उघडली, स्वतःचं नवं लुगडं काढलं आणि माझ्या हातात दिलं. अशा भावाची बहीण आपल्या घरात आहे, नीट नेसून जा, म्हणाल्या. सासरे ओट्यावरून म्हणाले की पोराने घराण्याचं नाक राखलं. ही केळीच्या बागांची माणसं. तोवर त्यांनी माझ्या माहेराला 'कोरडवाहू' सोडून दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नव्हती.

आणि खरं सांगते, ते लुगडं हातात आलं तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. लग्नानंतर पहिल्यांदा त्या घरात कुणी मला मान दिला होता. मान कशापायी मिळाला हे लगेच डोक्यात आलं, पण बरं आधी वाटलं. त्याची लाज मला आजही आहे.

धरणगाव स्टेशनावर उतरून आम्ही बैलगाडीने गावात पोचलो. मला वाटलं होतं गावावर सुतककळा असेल. तर घरोघर ओटे सारवून झालेले, दारांवर चुन्याचे हात मारलेले, आमच्या अंगणात जातं धुऊन उन्हात ठेवलेलं. गल्लीच्या पलीकडच्या बाजूला नानांचं घर. त्यांना शुक्रवारीच अग्नी दिला होता. खांदा द्यायला तालुक्यातले त्यांचे कार्यकर्ते आणि महारवाड्यातली माणसं होती. आमच्यातलं कुणी नव्हतं. तरी विचारायचा धीर करून मी आईला, म्हणजे आमच्या भाषेत मायला, विचारलं की सुतकात कानबाई कशी बसणार? भाऊबंदकीत मयत झालं की दहा दिवस देवाला हात लावायचा नाही, हे आम्हाला दूध पितानाच शिकवलेलं असतं. माय कोनाड्याकडे बघत बसली होती. तिथे कानबाईचं नारळ होतं. कितीतरी पिढ्यांचं ते नारळ आमच्या घरी असतं, त्याला डोळे आणि नथ लावून दरवर्षी तेच बसवतात, आणि ते बसवायचा मान भाऊबंदकीतल्या थोरल्या सुनेचा, म्हणजे माझ्या मायचा. ती नको म्हणाली तर कानबाई बसत नाही. आबांनासुद्धा तिथे काही चालत नाही.

संध्याकाळी आबा आणि आणखी चारदोन जण आले. वडील तिथेच होते, पण वडिलांनी जन्मभर शेत केलं आणि तोंड मिटून ठेवलं. तेव्हाही त्यांनी "तिला विचारा" एवढंच म्हटलं आणि पानाचा डबा पुढे ओढला. आबांनी मायला सगळं समजावून सांगितलं. शांतपणे, अगदी मायेने. जळगावचा वकील म्हणाला होता की बुधवारी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत पोरगा घरीच कानबाईची तयारी करत होता, असं भाऊबंदकीने एकमुखाने सांगितलं तर खटला टिकणार नाही. पाहणारा एकच होता, महारवाड्यातला एक गुराखी. त्याच्या एकट्याच्या शब्दावर कुणी फाशी देत नाही. भाऊबंद साक्ष द्यायला तयार होते. पण कानबाई बसली पाहिजे. मायने सुतक पाळलं तर तो मेलेला माणूस आपला ठरतो, आणि आपला ठरला तर पोराने आपल्याच माणसाला मारलं असं होतं. परक्याला मारणाऱ्यासाठी माणूस कोर्टात खोटं बोलेल, भावाला मारणाऱ्यासाठी कोण गंगा उचलेल? आबांचा हिशोब असा सरळ होता. शेवटी ते म्हणाले, "रोटमा नही, तो भाऊबंदकीमा नही. सुतक कसानं?"

रोटात नाही तो भाऊबंदकीत नाही. ज्यांनी नानांची मूठ नाकारली तेच हे म्हणत होते.

ते गेल्यावर मी मायच्या पुढ्यात बसले. मी रडले, तिचे पाय धरले. म्हटलं, माय, तू एवढं म्हण की आम्हाला सुतक आहे. भाऊचं जे व्हायचं ते होईल. पण ज्या माणसाला तू तुझ्या लग्नापासून भाकरी वाढलीस तो आपला नव्हता असं कानबाईच्या डोक्यावर हात ठेवून सांगू नकोस. नाना लहान असताना त्यांची आई आजारी असायची, तेव्हा ते आमच्याच चुलीपाशी जेवायचे, हे मायनेच मला सांगितलं होतं. ती ऐकत होती. तिचे डोळे कोरडे होते. मग ती म्हणाली, "तुनं काय जास? तू परका घरनी."

तुझं काय जातंय, तू परक्या घरची. खरंच होतं ते. माझी मूठ त्या टोपलीत कधी पडली नव्हती आणि पडणारही नव्हती. माझ्या पोटचा मुलगा फाशीच्या दोराखाली उभा नव्हता. मी तिचे पाय सोडले. सकाळी आबांचा निरोप आला तेव्हा माय उठली, तिने नारळ कोनाड्यातून खाली काढलं आणि म्हणाली, "कानबाई बसाडा."

त्या वर्षीइतकी थाटाची कानबाई आमच्याकडे ना आधी बसली ना नंतर. धरणगावहून वाजंत्री आणली. मुठी टाकायच्या वेळी आबांनी पहिलं नाव माझ्या भावाचं घेतलं. तुरुंगात असलेल्याची मूठ त्याच्या वतीने कुणी टाकायची यावर बाप्यांमध्ये चढाओढ लागली. पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी, सगळं झालं. बायका फुगड्या घालत होत्या आणि मला ओढत होत्या. मी पाय मुरगळला म्हणून सांगितलं. एक म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली की तुझ्या मायची कूस धन्य. मला तिच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण मी तिला वाकून नमस्कार केला, कारण वडीलधाऱ्या बाईला नमस्कार करायचा असतो.

सोमवारी कानबाई नदीवर निघाली. मायने ती डोक्यावर घेतली होती. गल्लीतल्या प्रत्येक घरातली बाई आरती घेऊन दारात येते, जिच्या डोक्यावर कानबाई असते तिच्या पायांवर पाणी घालते, मग मिरवणूक पुढे सरकते. नानांच्या घरापाशी आलो तेव्हा काकी उंबऱ्यात उभी होती. मी घाबरले. वाटलं ही आता बोलणार, सगळ्या गावासमोर हिने शिव्याशाप दिले तर बरंच होईल, एकदाचं कुणीतरी बोलेल. काकीने कानबाईकडे पाहिलं, लांबूनच हात जोडले, दोन पावलं मागे गेली आणि दार लावून घेतलं. मागून कुणीतरी म्हणालं, बघा केवढा माज. माझ्या मात्र लक्षात आलं. तिच्या घरात सुतक होतं. सुतकातल्या बाईची सावली देवावर पडू नये म्हणून तिने दार लावलं होतं. आमची कानबाई विटाळू नये याची काळजी त्या गल्लीत तिला एकटीला होती.

मायलाही ते कळलं असणार. तिचे पाय तिथे अडखळले. वाजंत्री वाजतच राहिली आणि ती पुढे गेली.

पुढचं सगळं आबा म्हणाले तसं झालं. महिनाभराने जळगावहून मोठे लोक आले, चौकात शोकसभा झाली. आमची सगळी भाऊबंदकी पुढच्या सतरंजीवर बसली होती. नानांच्या तसबिरीला पहिला हार आबांनी घातला आणि डोळे पुसले. ते रडणं खोटं होतं असंही मी म्हणणार नाही. ते नानांचे सख्खे चुलते होते, कुठेतरी आत त्यांना दुखलंही असेल. पण महारवाड्यातल्या बायकांना अडवायला विहिरीवर बाभळीचे काटे टाकले होते ते त्यांच्याच गड्याने, आणि त्या दिवशी पुढाऱ्यांच्या पाण्याची सोय त्याच विहिरीतून केली होती.

कोर्टात आमचे भाऊबंद एकामागून एक पिंजऱ्यात उभे राहिले आणि घडाघडा बोलले. गुराख्याला वकिलाने इतके उलटसुलट प्रश्न विचारले की त्याला आपल्या बापाचं नाव धड सांगता येईना. निकालानंतर तो आपलं बिऱ्हाड घेऊन गावातून गेला, कुठे गेला हे मी कधी कुणाला विचारलं नाही. भाऊ सुटला. त्याला गुलाल लावून आणला. ज्या वेशीतून नानांना आणलं होतं तीच वेस, वाजवणारेही तेच.

भाऊ राक्षस होता असं वाचणाऱ्याला वाटेल. तसा तो असता तर मला सोपं गेलं असतं. तो साधा, चिडका, कष्टाळू माणूस होता. आबांच्या ओट्यावर बसून रोज तेच तेच ऐकायचा, कुळाला बट्टा लागला, बट्टा लागला, आणि ऐकणाऱ्यांत हातात कुऱ्हाड घेऊन उठणारा तो एकटाच निघाला. बाकीचे नुसते बोलणारे होते. सुटल्यावर तो पूर्वीसारखाच दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि कानबाईला मला न्यायला येऊ लागला. सासरी त्याचा मोठा थाट असायचा. माझ्या सासूबाई त्याला शेवया वाढायच्या आणि मी त्यावर तूप सोडायचे. माझा मुलगा त्याच्या मांडीवर बसायचा. नानांचा विषय आम्हा दोघांत एकदाही निघाला नाही. एकदा रेल्वेत समोरच्या बाकावर खादीची टोपी घातलेला माणूस बसला, तेव्हा भाऊ उठून दुसऱ्या डब्यात गेला. मीही पदर सावरून त्याच्यामागे गेले.

मायबद्दल मी स्वतःची बरीच समजूत काढत असे. तिने नाइलाजाने केलं, ती आतून जळत असेल, रोट तिच्या घशाखाली उतरत नसतील. एका श्रावणात मी मुद्दाम लक्ष ठेवलं. ती भाऊच्या शेजारी बसून रोट खात होती, दुधात कुस्करून, शांतपणे. तिने स्वतःसाठी पुन्हा मागूनही घेतलं. दरवर्षी तिने कानबाई बसवली आणि दरवर्षी नानांच्या मुलाची मूठ टोपलीत पडली नाही. तिने मुलगा वाचवला होता. त्याची जी काही किंमत होती ती काकीने दिली, मायने नाही.

जर्मनीची लढाई संपत आली होती त्या सुमारास माय गेली. वडील तिच्या आधीच गेले होते. मी पोचेपर्यंत तिला नेलं होतं. लेक म्हणून मला सुतक तीनच दिवसांचं, पण मी राहिले. दहाव्याच्या दिवशी पुरुष गिरणेवर गेले, दशक्रिया करून डोकी भादरून परत यायचे होते. आम्ही बायका घरात गंधमुक्तीच्या, सुतक फिटल्याच्या, स्वयंपाकाला लागलो होतो. मी दारात पाण्याची घागर घेऊन उभी राहिले, नदीवरून येणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालायला.

ते एकेक करून आले. भाऊ पुढे, मग चुलतभाऊ, आबांचे मुलगे. आबा काठी टेकत. सगळ्यांची डोकी तुळतुळीत, कानामागे अजून ओलसर केस चिकटलेले. आणि सगळ्यांत शेवटी नानांचा मुलगा. त्याचंही डोकं भादरलेलं होतं. आता तो चांगला बाप्या झाला होता, धुळ्याला शिकून आला होता, नानांसारखाच उंच. नंतर भाऊने सांगितलं की तो न बोलावता आला, रांगेच्या टोकाला बसला आणि त्याने टोपी काढली. न्हावी आबांकडे पाहत राहिला. आबा नदीकडे पाहत राहिले. मग न्हाव्याने वस्तरा पाण्यात बुडवला.

मी त्याच्या पायांवर पाणी घातलं. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तोंडातून गेलंच, की तू कशाला आलास रे. तो म्हणाला की त्याच्या आईने, काकीने, पाठवलं. दहा दिवस त्यांच्या घरात देवाला दिवा लागला नव्हता, गोड केलं नव्हतं. माझ्या मायचं सुतक त्या घराने पाळलं होतं.

पंगत बसली. भाऊबंदकीची पंगत, त्यात तोही बसला. कुणी बस म्हटलं नाही, कुणी ऊठही म्हटलं नाही. तो पोटभर जेवला, पुन्हा वरण मागून घेतलं. भाऊ त्याच्या बरोबर समोर होता. भाऊने भाताचा एक घास हातात घेतला आणि तसाच धरून बसला, पंगत उठेपर्यंत.

निघताना तो माझ्यापाशी आला, वाकून नमस्कार केला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उत्तर शोधलं असतं. तो आपल्या डोक्यावरून हात फिरवत, नवल वाटल्यासारखा म्हणाला, "आज कितला जन व्हतात, अक्का. मना बापना येळे नदीवर मी एकलाच बठेल व्हतू. न्हावी बी उना नही."

बापाच्या दहाव्याला नदीवर एकटाच, न्हावीही आला नाही. तो बारा वर्षांचाही नव्हता तेव्हा. आणि तो तिथे बसला होता त्या दिवशी आम्ही घरात काय करत होतो ते मला पक्कं आठवतंय. रोट उरले होते, आणि ते बाहेर कुणाला द्यायचे नसतात, म्हणून सगळे मिळून संपवत होते.